कागद परदेशी निघाला

आपल्या गावात ग्रामसेवकांची सही कोण ओळखत नाही? शाळेत ओळखतात, सोसायटीत ओळखतात, रेशनचा दुकानदारही ओळखतो. (२०२४ सालापासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी जुनेच नाव आहे.) तालुक्याला गेलात तरी कचेरीत ती सही कोणाला ना कोणाला माहीत असते. पण तोच कागद घेऊन तुम्ही सातासमुद्रापलीकडे गेलात तर? तिथला कारकून विचारील, हे गाव कुठले? हा अधिकारी कोण? हा शिक्का खरा की बाजारात बनवून घेतलेला? त्याचे काही चुकले नाही. आपल्या कचेरीत कोणी अरबी शिक्क्याचा कागद आणला, तर आपणही असेच विचारू.

आणि आपली माणसे आज लांब लांब जातात. रत्नागिरी-रायगडकडचे कितीतरी जण आखाती देशांत नोकरीला आहेत. कोणी गाडी चालवतो, कोणी हॉटेलात स्वयंपाक करतो. माणूस गेला की मागून त्याचे कागद जातात. बायकोला न्यायचे तर लग्नाचा दाखला हवा. मुलाला न्यायचे तर जन्माचा दाखला हवा. वाईट वेळ आली, माणूस तिकडेच वारला, तर त्याचे येणे वसूल करायला वारसाचा कागद आणि मुखत्यारपत्र लागते. तेव्हा हा धडा ज्यांच्या घरचे कोणी परदेशी आहे त्यांनी वाचावाच. इतरांनीही वाचावा. उद्या कोणाचा मुलगा निघेल, सांगता येत नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक वहिनी येतात. त्यांचे यजमान ओमान देशात मस्कतला कामाला आहेत. मागे त्यांचा फोन आला, "तुला आणि पोराला इकडं आणायचं ठरवलंय. लग्नाचा दाखला आणि पोराचा जन्मदाखला शिक्के मारून पाठव." शिक्के म्हणजे कुठले, ते त्यांनाही नीट सांगता आले नाही. तालुक्याला स्टँडजवळ एक एजंट बसतो. तो म्हणाला, "वहिनी, आठ हजार द्या नि कागद द्या. पंधरा दिवसांत काम झालं म्हणून समजा."

वहिनींनी पैसे जमवले. कागद पिशवीत घातले. जायच्या आदल्या रात्री त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, जरा एकदा बघता का?"

आम्ही म्हणालो, "आम्ही कशाला? तुम्हीच वाचा की."

वहिनी बोट ठेवून वाचू लागल्या. मुलाचे नाव. बरोबर. जन्मतारीख. बरोबर. बापाचे नाव. तेही बरोबर. आईचे नाव... इथे बोट थांबले. त्यांनी पुन्हा वाचले.

"अगं बाई! हे तर माझं माहेरचं नाव!"

झाले होते ते असे. पहिले बाळंतपण माहेरी झाले. दवाखान्यात नाव सांगायला भाऊ होता. बहिणीचे नाव त्याच्या तोंडी जसे होते, तसेच त्याने सांगितले. कारकुनाने तसेच लिहिले. वहिनींच्या पासपोर्टवर मात्र सासरचे नाव. यात लबाडी कोणाचीच नव्हती. पण कागदावर एकीच्या दोघी झाल्या. मस्कतचा कारकून म्हणणार, या मुलाची आई वेगळी आणि ही बाई वेगळी.

वहिनींनी एजंटाला फोन लावला. तो हसला. म्हणाला, "अहो, शिक्का बसला की कागद पक्का. मग आतलं कोण वाचतंय?"

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुष्कळांची फसगत या एका वाक्याने होते. ती कशी, हे कळायला शिक्का म्हणजे काय ते आधी पाहू.

पूर्वी परदेशी जाणाऱ्या कागदाला सह्यांची साखळीच लागे. गावच्या सहीची खात्री राज्य सरकारने द्यायची. राज्याच्या सहीची खात्री दिल्लीने द्यायची. दिल्लीच्या सहीची खात्री त्या देशाच्या वकिलातीने द्यायची. कागद तिकडे पोचला की वकिलातीच्या सहीची खात्री त्यांच्या सरकारने द्यायची. गंमत पाहा, यातला प्रत्येक जण फक्त आपल्या मागच्याला ओळखतो. सोयरीक जुळवताना असेच असते. मुलाला त्याचा मामा ओळखतो, मामाला आपले पाहुणे ओळखतात, पाहुण्यांना आपण ओळखतो. मग आपण मुलीला हो म्हणतो.

या साखळीत वेळ जाई आणि पैसाही जाई. म्हणून ५ ऑक्टोबर १९६१ रोजी नेदरलंड देशात, हेग शहरी, एक करार झाला. त्यात असे ठरले, की करारातल्या देशाने आपल्या सरकारी कागदावर एक ठरावीक नमुन्याचा शेरा द्यावा आणि करारातल्या दुसऱ्या देशाने तो मानावा. मध्ये वकिलातीची गरज नाही. या शेऱ्याला अपोस्टिल म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ कडेला लिहिलेली टीप. आपल्याकडे अर्जाच्या कडेला साहेब शेरा मारतात, तसलाच हा प्रकार. भारताला हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. ओमान २०१२ साली आला, सौदी अरेबिया २०२२ साली.

अपोस्टिल चौकोनी असते. नियमाप्रमाणे तिची बाजू निदान ९ सेंटीमीटर हवी. म्हणजे साधारण तळहाताएवढी. आपल्याकडे ती छापील स्टिकरच्या रूपात कागदाच्या पाठीवर चिकटवतात. तिच्यात दहा ओळी असतात. त्या इंग्रजीत असतात, पण काय लिहिले आहे ते आम्ही मराठीत सांगतो. पहिल्या ओळीत देशाचे नाव. दुसरीत, मूळ कागदावर सही कोणाची आहे ते. तिसरीत, त्या सही करणाऱ्याचा हुद्दा. चौथीत, कागदावर मोहोर कोणत्या कचेरीची आहे ते. पुढे, हा शेरा कुठे दिला, कोणत्या तारखेला दिला, कोणी दिला आणि त्याचा क्रमांक काय. शेवटी शेरा देणाऱ्याची मोहोर आणि सही.

आता सांगा, मुलाची जन्मतारीख बरोबर आहे असे या दहा ओळींत कुठे म्हटले आहे? आईचे नाव तपासले, असे कुठे म्हटले आहे?

कुठेच नाही. शेरा एवढेच सांगतो, की ही सही खरी, हा अधिकारी खरा आणि ही मोहोर खरी. आतला मजकूर खरा की खोटा, याची हमी तो देत नाही. वहिनींच्या कागदावरची सही खरीच होती. म्हणजे शिक्का मिळालाच असता, आणि चूक शिक्क्यासकट मस्कतला गेली असती. तिकडचा कारकून आधी नावच वाचतो. कागद परत आला असता. आठ हजार मात्र परत आले नसते.

वहिनींनी एजंटाकडे जायचे रद्द केले. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कागद चटईवर मांडले. दाखला, वहिनींचा पासपोर्ट आणि यजमानांच्या पासपोर्टची झेरॉक्स. मराठी वहिनींनी वाचले. इंग्रजी वाचायला आम्ही दहावीतल्या एका मुलीला बसवले. तिने एकेक अक्षर मोठ्याने म्हटले. तेव्हा आणखी एक चूक सापडली. यजमानांच्या आडनावात पासपोर्टवर "व्ही" होते, दाखल्यावर "डब्ल्यू". मराठीत दोन्हीचा "व" होतो, म्हणून ती इतके दिवस कोणाला दिसलीच नव्हती. दोन्ही चुका एकाच अर्जात घातल्या.

दुरुस्ती कुठे होते? जिथे जन्माची नोंद झाली तिथेच. आपण आज राहतो त्या गावी होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. त्यात दुरुस्तीची रीत सांगितली आहे. निबंधक, म्हणजे नोंद ठेवणारा अधिकारी, पुरावा पाहतो. मूळ नोंद तो खोडत नाही. तिच्या कडेला दुरुस्ती लिहितो आणि सही करून तारीख घालतो. म्हणजे इथेही शेराच! वहिनींना त्यासाठी माहेरी दोन खेपा पडल्या. बरोबर लग्नाचा दाखला नेला, आधारकार्ड नेले, पासपोर्ट नेला. भावालाही नेले. वाटेत त्याला काय काय ऐकवले, ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही. दुसऱ्या खेपेला दुरुस्त केलेला नवा दाखला हातात आला. तो त्यांनी कचेरीतच उभे राहून वाचला, मगच पिशवीत घातला.

काही जण घरीच पेनाने अक्षर सुधारतात. तसे कधीही करू नका. खाडाखोड झालेला कागद बाद होतो, वर संशय येतो तो वेगळाच. दाखल्यावर मुलाचे नावच नसेल, तर तेही वेळेत घालून घ्यावे. नोंदीपासून बारा महिन्यांच्या आत त्याला फी नाही. आणि कागदाला प्लास्टिक चढवू नका. दिसायला छान दिसते, पण शिक्का मारायचा कुठे?

मजकूर पक्का झाला, आता शिक्क्याचे काम. आधी राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची खात्रीची सही घ्यावी लागते. हे काम मुंबईत मंत्रालयात होते. शाळा-कॉलेजचे कागद शिक्षण खात्याकडे जातात, जन्म-लग्नाचे वेगळ्या खात्याकडे. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल देते. पूर्वी त्यासाठी दिल्ली गाठावी लागे. २०१९ पासून हे काम मुंबईतही होते. मंत्रालयाच्या खिडकीवर मात्र लोकांकडून कागद घेत नाहीत. २०१२ पासून ते नेमलेल्या संस्थांमार्फत द्यावे लागतात. त्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहे. मुलांना मोबाइलवर काढून द्यायला सांगा. एका कागदाच्या अपोस्टिलची सरकारी फी ५० रुपये. संस्थेचा आकार वेगळा.

पन्नास रुपये ऐकून वहिनी आमच्याकडे बघतच राहिल्या. सगळेच एजंट लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या खेपा, गाडीभाडे, बुडालेला रोज यांचा हिशेब केला, तर कोणाला काही पैसे देऊन काम करून घेणे परवडतेही. पण सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे कागदावर लिहून मागा. मूळ दाखला हातातून सोडताना पावती घ्या. अपोस्टिल आली की तिचा क्रमांक वेबसाइटवर घालून पाहा. खरी असेल तर तिथे तिची नोंद सापडते.

आता दोन गोष्टी राहिल्या. पहिली मुखत्यारपत्राची. हा कागद सरकारने दिलेला नसतो, तो आपला खाजगी असतो. म्हणून आधी त्यावर नोटरीची सही-मोहोर घेतात. मग नोटरीच्या सहीची खात्री होत होत तो पुढे जातो. इथे तर वाचण्याला फारच महत्त्व आहे. परदेशी वारलेल्या माणसाचे पैसे घेण्याचा अधिकार त्याची बायको या कागदाने दुसऱ्याला देते. कोणाला दिला, कोणत्या कामापुरता दिला, पैसे तिच्या खात्यात यायचे की त्याच्या, हे सगळे आत लिहिलेले असते. मागून दिल्लीचा शिक्का बसला तरी यातला शब्दही बदलत नाही. दुःखाच्या दिवसांत घरातलेच कोणी पुढ्यात कागद सरकवते आणि म्हणते, "इथं सही कर, बाकीचं मी बघतो." त्या वेळी सांगावे, "वाचून झाल्यावर करते." कोऱ्या कागदावर तर सही नाही, अंगठाही नाही.

दुसरी गोष्ट देशांची. सगळे देश हेगच्या करारात नाहीत. कुवेत आणि दुबई-अबुधाबीची संयुक्त अरब अमिराती २०२४ सालापर्यंत त्यात आलेली नव्हती. अशा देशांसाठी अपोस्टिल चालत नाही. तिथे जुनी साखळीच लागते. आधी राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात. म्हणून कागद काढण्याआधी कोणत्या देशात जायचे आहे ते सांगावे आणि तिथे काय चालते ते विचारून घ्यावे. शेजारणीने अपोस्टिल केली म्हणून आपणही करावी, असे नाही.

वहिनींचे दोन्ही दाखले अपोस्टिल होऊन मस्कतला पोचले. पोराचा पासपोर्टही झाला आहे. वर्गात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मावशींचा मुलगा कुवेतला आहे. त्याच्या लग्नाचा दाखला दिल्लीला वकिलातीत गेला आहे, अजून परत आलेला नाही. पाठवण्याआधी मावशींनी तो तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी सुनेच्या नावातला एक काना कमी निघाला.