जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर

दुकानातला जुना कॉम्प्युटर बसला की नवा आणावा लागतो, आणि आणल्यावर कळते की वर्षानुवर्षांचे काम त्यावर उघडतच नाही. जामनेरसारख्या बाजारात ही अडचण दोघांना येते. एक, डॉसवरच्या प्रोग्राममध्ये उधारी लिहून ठेवलेला दुकानदार. दुसरा, उर्दू लग्नपत्रिका जुळवणारा छापखानेवाला. दोघांचेही काम बहुधा वाचवता येते.

प्रोग्राम सगळे काम स्वतः करीत नाही. फाइल उघड, कागद छाप, अशा मागण्या तो कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीकडे करतो. विंडोजसाठी बनलेला प्रोग्राम विंडोजच्या रीतीने मागतो आणि लिनक्सला ती रीत कळत नाही. थ्री फेजची मोटर सिंगल फेजवर फिरत नाही, तसेच हे. पण आपले शेतकरी मध्ये कन्व्हर्टर लावून पंप चालवतातच की!

लिनक्सवरच्या अशा कन्व्हर्टरचे नाव वाइन. नाव ऐकून दचकू नका, ती इंग्रजी आद्याक्षरांची गंमत आहे. १९९३ पासून त्याचे काम चालू आहे व तो फुकट मिळतो. विंडोजची प्रतही घ्यावी लागत नाही. मात्र प्रत्येक प्रोग्राम त्यात चालेलच असे नाही. उर्दू जुळणीचा इनपेज घ्या. त्याच्या जुन्या अधिकृत प्रतीसोबत कॉम्प्युटरला लावायचे कुलूप येत असे, ज्याला डोंगल म्हणतात. असे कुलूप वाइनमध्ये सहसा ओळखले जात नाही. मग कोणीतरी कुलूप तोडलेली प्रत पुढे करतो. ती घेऊ नये. त्यात बनवणाऱ्याचा हक्क बुडतो, आणि व्हायरस आला तर आपले कामही बुडते.

अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्स बरा. तो नव्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर उभा करतो. त्यात जुनी विंडोज भरली की प्रोग्रामला आपण घरीच आहोत असे वाटते, आणि यूएसबीचे कुलूपही बहुधा आत जोडता येते. विंडोजचा परवाना मात्र वेगळा लागतो, आणि रॅम आठ जीबी तरी हवी. या आतल्या विंडोजला इंटरनेट देऊ नये. विंडोज ७ च्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्येच थांबल्या.

डॉसचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचीच आहे. त्यासाठी डॉसबॉक्स आहे, तोही फुकट. तो मुळात जुन्या खेळांसाठी बनला, म्हणून खाते पडद्यावर दिसते पण छपाईची सोय त्यात नाही. छापायचेच असेल तर डॉसबॉक्स-एक्स वापरावा. आमच्या मते त्याचा उपयोग जुनी घेणी-देणी पाहण्यापुरताच ठेवावा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तो त्याआधीच्या प्रोग्रामला कुठून ठाऊक असणार?

जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या आणि सगळ्या फाइलींच्या दोन नकला करा. मग एकच खाते उघडून त्याची बाकी कागदी वहीशी ताडा. छापखान्यात एक पत्रिका पूर्ण छापून पाहा, कारण पडद्यावर ठीक दिसलेला नुक्ता कागदावर सरकू शकतो. हे सारे लग्नसराई संपल्यावर करावे.