ताकद नंतर, आधी वय

साक्कोट्टै, कुंभकोणम

चि. श्रीनिवास,

तुझं पत्र पोचलं. चेन्नईत २०१६ सालची फियाटची अबार्थ पुंटो विकायला निघाली आहे, ती घ्यायची, इथे आपल्या घरी ठेवायची आणि घेतल्या घेतल्या इंजिनाचा रीमॅप, म्हणजे त्याच्या संगणकातलं गणित बदलून ताकद वाढवणं, करून घ्यायचा, हा बेत तू मोकळेपणाने कळवलास ते बरं केलंस. गाडी घेऊच नकोस असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या खर्चाचा क्रम उलटा आहे. जुन्या झालेल्या वेगवान छोट्या गाडीवर पहिला रुपया घालायचा तो तिच्या वयावर, ताकदीवर नव्हे. आणि हे वय किलोमीटरच्या आकड्यावरून ठरवायचं नाही, वर्षांवरून ठरवायचं. एवढं एकच मला तुला पटवायचं आहे. वडीलधारा सांगतो म्हणून तू मान डोलवावीस अशी अपेक्षा नाही, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

आधी ही गाडी काय आहे ते बघ. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात साध्या पुंटोच्याच सांगाड्यावर ती तयार झाली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली. १३६८ सीसीचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि शून्यापासून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. दहा लाखांच्या आसपास एवढं देणारी दुसरी गाडी त्या वेळी आपल्याकडे नव्हती, त्यामुळे तुझं मन तिच्यावर बसलं यात मला नवल वाटत नाही. पण ही सगळी ताकद जाते कुठून? पुढच्या दोन चाकांतून, १९५ मिलिमीटर रुंदीच्या टायरांतून. इंजिन धरून ठेवतात ते रबराचे माउंट, चाकं जागेवर ठेवतात ते रबराचे बुश, टर्बोची दाबलेली हवा वाहून नेतात ते रबराचे पाइप, आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो-मिटतो तो रबराच्या पट्ट्यामुळे. साध्या गाडीत हेच भाग असतात, पण त्यांच्यावर ओढ कमी असते. इथे छोट्याशा बॉनेटखाली टर्बो तापतो आणि ती सगळी धग या भागांना सोसावी लागते. लोखंड पंधरा-वीस वर्षं सहज टिकतं. रबर तितकं टिकत नाही, मग गाडी पळो किंवा उभी राहो.

आपल्या गावात राहून हे समजायला अवघड जाऊ नये. अमृतकडेश्वराच्या देवळाचे दगड शतकानुशतकं उभे आहेत, तरी मूर्तीला पीठाशी धरून ठेवणारं अष्टबंधन कुंभाभिषेकाच्या वेळी नव्याने भरतात. साधारण बारा वर्षांनी कुंभाभिषेक करायचा हा प्रघात. मूर्ती हलायला लागली का, याची वाट कोणी बघत नाही. लाख, राळ, मेण यांचं ते मिश्रण काळाने सुकतं हे ठाऊक आहे, म्हणून मुदत ठरलेली. गाडीतल्या रबराला आणि तेलांना नेमकी अशीच मुदत असते, आणि तीही लिहून ठेवलेली असते. मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा सगळे वाचतात. शेजारी ‘किंवा इतकी वर्षं’ असं असतं, तिकडे कोणाची नजर जात नाही.

सगळ्यांत आधी टायमिंग बेल्ट, कारण तो तुटायच्या आधी काहीच बोलत नाही. ब्रेक खराब झाले तर करकरतात, बुश गेले तर खडखडतात, बेल्ट मात्र शेवटच्या क्षणापर्यंत गुमान फिरतो. या इंजिनात तो तुटला की पिस्टन वर येताना उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि काही हजारांत उरकलं असतं ते काम संपूर्ण हेड उघडण्यावर जातं. विकणारा म्हणेल, ‘गाडी फक्त पस्तीस हजार किलोमीटर चालली आहे, बेल्टला अजून अवकाश आहे.’ त्यावर तू विचार, ‘बेल्ट कोणत्या वर्षी बदलला?’ पाच वर्षांवर जुना असेल तर किलोमीटर कितीही कमी असोत, तो बदलायचा. बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंपही नवा घाल. पंप याच बेल्टवर फिरतो. तो वर्षभराने गळायला लागला तर तेवढीच मजुरी पुन्हा मोजावी लागेल.

दुसरं ब्रेक ऑइल. याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण गॅरेजवाले याला सर्वांत कमी महत्त्व देतात आणि वेगवान गाडीत त्याचं मोल सर्वांत जास्त. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं. ओल मुरल्यावरचा किमान उत्कलनबिंदू १५५ अंश धरलेला आहे. कावेरीच्या या खोऱ्यात, त्यातून ऐप्पसी-कार्तिकै या तमिळ महिन्यांतल्या पावसात, हवेत ओल किती असते ते तुला माहीत आहे. आता दुसरी बाजू बघ. गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा पचवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० वरून थांबण्यापेक्षा १०० वरून थांबताना ती दीडपटीहून जास्त असते. म्हणजे ज्या गाडीत ब्रेक जास्त तापणार, तिच्यातच ऑइल लवकर उकळणारं ठेवायचं, असा प्रकार होतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल पार खाली जातं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, यात सूट नाही.

टायरांचंही असंच. बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात: २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं समजू नकोस. उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. बाकी बुश, शॉकॉबचे वरचे माउंट, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, पॉवर स्टिअरिंगचे पाइप हे सगळं गाडी वर उचलून एकदाच तपासून घे. कूलंटमध्ये मात्र बोअरचं पाणी कधीही घालू देऊ नकोस. आपल्या भागातल्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

तुझा पहिला आक्षेप मला इथूनच ऐकू येतो: गाडी महिन्यातून दोनदा चालणार, तीही साक्कोट्टैहून कुंभकोणमपर्यंत, मग एवढी काळजी कशाला? खरं तर गाडीला हाच वापर सर्वांत वाईट. चार-पाच किलोमीटरांत इंजिन पुरतं तापत नाही. गार इंजिनात तयार झालेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि ते उडून जाण्याएवढी उष्णता कधी मिळतच नाही. गाडी चालू करताना बॅटरी जितकी खर्ची पडते तितकी भरून निघत नाही. म्हणून इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच, आणि गाडी बाहेर काढलीस तर निदान तंजावरपर्यंत जाऊन ये. शिवाय भाताचा हा मुलूख. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा बॉनेट मी उघडून बघत जाईन, ते माझ्याकडे लागलं.

पेट्रोलचाही विचार कर. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या वीस टक्के इथेनॉल गृहीत धरून बनू लागल्या, तुझी त्यापूर्वीची. इथेनॉलला पाण्याची ओढ असते आणि जुन्या प्रतीच्या रबराशी त्याचं फारसं पटत नाही. यावरून घाबरून जायचं कारण नाही, पण तेच पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडू द्यायचं नाही, आणि इंधनाचे पाइप दरवर्षी डोळ्यांनी बघायचे. गाडीत बसताना पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी ती चालू करायची नाही.

आता रीमॅप. तुझं म्हणणं असं की थोडक्या खर्चात तीसेक अश्वशक्ती वाढते, आणि बुश-पाइपांवर तेवढेच पैसे घातले तर दिसण्यासारखं काहीच मिळत नाही. हा आक्षेप वजनदार आहे, तो मी टाळणार नाही. पण रीमॅप करणारा जे गणित बसवतो त्यात प्लग, कॉइल, हवेचे पाइप, क्लच सगळं ठणठणीत आहे असं गृहीत असतं. तुझ्या गाडीत एखाद्या पाइपला बारीक चीर असेल तर टर्बोची हवा तिथून निसटते आणि कारखान्याने दिलेले १४५ अश्वसुद्धा चाकांपर्यंत पोचत नाहीत. त्यावर रीमॅप चढवलास तर टर्बो ती तूट भरून काढायला जास्त जोराने फिरेल, तुला गाडी जलद वाटेल, आणि मूळ दोष झाकला जाईल. आधी हरवलेली ताकद परत आण. ताजे प्लग, घट्ट पाइप, बिनढिले माउंट आणि नवे टायर असलेली मूळ अबार्थ चालवून बघ; दहा वर्षांच्या थकलेल्या गाडीत बसून तू जो अंदाज बांधला आहेस तो तिच्यावर अन्याय करणारा आहे. एवढं करूनही वर्षभराने ताकद अपुरी वाटली तर रीमॅपला माझी हरकत नाही. तेव्हा तो भक्कम पायावर होईल.

कंपनीच निघून गेली, मग भाग मिळणार कुठून, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारायला हवा होतास. बीएस-सहाचा प्रदूषणाचा नियम १ एप्रिल २०२० ला लागू झाला, आणि तोवर फियाटने इथला आपल्या छोट्या गाड्यांचा व्यवहार आवरला होता. तरी इंजिनाबाबत मी निर्धास्त आहे. हेच टी-जेट इंजिन लिनियामध्ये २०१० पासून होतं, पुढे अव्हेंचुरातही आलं. बेल्ट, फिल्टर, प्लग, पॅड हे झिजणारे भाग बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात आणि त्यांना गिऱ्हाईक आहे तोवर त्या बनवत राहतात. अडचण येते ती पत्र्याची, दिव्यांची, बंपरची, काचेची. हे भाग त्या एकाच मॉडेलचे असतात आणि त्यांना झीज नसल्यामुळे फारसे कोणी बनवत नाही. म्हणून या गाडीत गुळगुळीत चालणाऱ्या इंजिनापेक्षा अभंग हेडलॅम्प आणि सरळ पत्रा जास्त मोलाचा. जमिनीपासून जेमतेम १५५ मिलिमीटर वर असलेली ही गाडी आपल्याकडच्या गतिरोधकांवर तिरकी चढवायची, आणि रस्त्यावर पाणी साठलं असेल तर काढायचीच नाही. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

याच पैशांत थोडी भर घालून नवी आय-ट्वेंटी एन लाइन का घेऊ नये, असं तुझी आई म्हणते. तिचं बोलणं हलकं घेऊ नकोस. ती गाडी आपल्याच राज्यात, श्रीपेरुंबुदूरजवळ बनते, वॉरंटी असते, एअरबॅग जास्त, आणि कुंभकोणमसारख्या गावात तिची दुरुस्ती कोणीही करील. रोज आई-आजीला घेऊन फिरायला एकच गाडी हवी असती तर मीही तिचीच बाजू घेतली असती. पण घरात दुसरी गाडी आहे. अबार्थच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत: हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता जसा हाताला कळतो तसा आजच्या विजेच्या स्टिअरिंगमधून सहसा कळत नाही, आणि इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न जाता व्हॉल्व्हच्या अलीकडे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात आणि थेट फवारणीच्या इंजिनांसारखी काजळी साठत नाही. म्हणजे नीट सांभाळली तर ही गाडी म्हातारपणी सोसेल अशी आहे. पंधरा वर्षांची नोंदणी २०३१ मध्ये संपेल. तामिळनाडूत ती तपासणी करून पाच वर्षांनी वाढवता येते, तेव्हा त्या भीतीने घाई करायचं कारण नाही.

हातातली सगळी रक्कम खरेदीत घालू नकोस. निदान चौथा हिस्सा बाजूला काढ. तो पहिल्या तीन महिन्यांत लागणारच आहे. गाडी बघायला जाशील तेव्हा सकाळी इंजिन गार असताना जा आणि आधी बॉनेटला हात लावून बघ. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सर्व्हिसच्या पावत्या माग. बेल्टची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धर आणि तो खर्च किमतीतून वजा करून बोल. सौदा ठरण्याआधी टायरांवरचे चार आकडे आणि पावत्यांचे फोटो मला पाठव.

तुझा,
काका