*🚚 जुनी पिकअप घेताय? आधी हे वाचा*



कांदा-टोमॅटोचा हंगाम जवळ आला की गटावर एकच विचारणा सुरू होते: "दहा वर्षं जुनी बोलेरो पिकअप मिळतेय, घेऊ का?" घ्या, हरकत नाही. चासी दणकट, मागे पाटे, डिझेल इंजिन, मेकॅनिक आणि पार्ट तालुक्यालाच मिळतात. नीट ठेवलेली गाडी अजून पुष्कळ माल ओढेल. पण ती नीट ठेवली होती का, हे रंगावरून कळत नाही.

*गाडी सकाळीच बघा,* इंजिन थंड असताना. मालकाला आधीच सांगा, "मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका." गरम इंजिन कोणाचंही चालू होतं. सुरू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग नको. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर आला तर रिंगा-लायनर थकलेत समजा आणि इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा करा. मग गाडीखाली शिरा. खत, मीठ, भाजीचं पाणी यांनी हौद्याखालची चासी गंजते. तिथे ताजा काळा रंग दिसला तर पान्याने ठोकून बघा. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर उन्हात, लोडवर फुटतं.

*कागद.* एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून विमा आणि फिटनेसची मुदत बघा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, १५ वर्षांनंतर फी चांगलीच वाढते. कर्जबोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. नुसत्या स्टॅम्पपेपरवर पैसे देऊ नका. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

*आता लोड.* समजा आरसीवर एकूण वजन २,९६० आणि रिकामं वजन १,७१० किलो आहे. फरक १,२५०. केबिनमधली माणसंही त्यातच धरा. म्हणजे ५० किलोच्या २२ गोण्या भरल्या की बास. "दोन पाटे वाढवले, आता दोन टन ओढते" असं म्हणणारे भेटतातच. पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही, एवढंच. ब्रेक, टायर, ॲक्सल तेच राहतात! घाट उतरताना ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा. न्यूट्रल करून, इंजिन बंद करून डिझेल वाचवायचं खूळ कोणाला असेल तर ते सोडा, इंजिन बंद झालं की ब्रेकची पॉवरही जाते. ओव्हरलोडचा कायद्यातला दंड २०,००० रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनाला २,०००.

*आणि हौद्यात माणसं.* खुरपणीच्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, सगळेच नेतात. मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस चालतो. पण हौद्यात बसवून नेलेली बाकीची माणसं मालवाहू गाडीच्या विम्यात येत नाहीत. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाच्या गळ्यात येते, ती देताना शेत विकायची वेळ येऊ शकते. शेजाऱ्याला वाईट वाटलं तरी चालेल, नाही म्हणा.

घेतल्यावर: खत किंवा मीठ वाहिलं की त्याच दिवशी हौदा आणि खालची बाजू पाण्याने धुवा. क्रॉस आणि पाट्यांच्या पिनांना ग्रीस वेळेवर मारा. चाक बदललं की थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळा.

व्यवहार ठरवण्याआधी आरसीची झेरॉक्स घेऊन संकलन केंद्रावर या, तुमच्या मालाच्या वजनाचा हिशोब बसवून देऊ. कागदांचे फोटो गटावर टाकू नका.