उत्तराची प्रतीक्षा

प्रस्तावना
प्रयोगशाळेतील अनेक उपकरणे आज संगणकाशी जोडलेली असतात. संगणक प्रश्न पाठवतो आणि उपकरण उत्तर देते. ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही, तर पडद्यावर 'टाइमआउट', म्हणजेच 'कालमर्यादा संपली', असा संदेश उमटतो. त्या वेळी काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• टाइमआउट या दोषाचा नेमका अर्थ सांगू शकाल;
• दोषाचे कारण क्रमाने शोधू शकाल;
• उशिरा आलेल्या उत्तराचा धोका स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ
औषधाचे नमुने तोलणारा एक इलेक्ट्रॉनिक तराजू आरएस-२३२ पद्धतीच्या तारेने संगणकाला जोडला आहे, असे समजा. कालमर्यादा २ सेकंदांची आहे. संगणक वजन विचारतो, पण उत्तर येत नाही. अशा वेळी पुष्कळ जण लगेच कालमर्यादा वाढवतात. हे योग्य आहे काय?

थोडा हिशेब करू. माहितीचा वेग सेकंदाला ९६०० बिट असेल आणि एका अक्षराला १० बिट लागत असतील, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. २० अक्षरांच्या उत्तराला सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भागही पुरेसा होतो. म्हणजेच विलंब तारेतील प्रवासामुळे होत नाही. कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

हा शोध पुढील क्रमाने घ्यावा :
१. तराजू चालू आहे काय? तार दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे काय?
२. प्रोग्रॅममध्ये योग्य पोर्ट निवडले आहे काय? दुसऱ्या प्रोग्रॅमने ते अडवून ठेवलेले नाही ना?
३. माहितीचा वेग दोन्हीकडे सारखाच ठरवला आहे काय?
४. आज्ञेच्या शेवटी समाप्तिचिन्ह आहे काय? ते नसल्यास आज्ञा अपुरी आहे असे समजून तराजू थांबून राहतो, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहतात.
५. तराजूलाच वेळ लागत आहे काय? 'स्थिर वजन' मागितल्यास पारडे स्थिर होईपर्यंत तो उत्तर देत नाही. अशा वेळी आधी पंखा बंद करावा, काचेचे दार लावावे. तरीही वेळ लागल्यास मग कालमर्यादा वाढवावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. अनेक बदल एकदम केल्यास दोष नाहीसा झाला तरी कारण अज्ञातच राहते.

खरा धोका मात्र पुढेच असतो. पहिल्या नमुन्याचे उत्तर उशिरा आले, तर ते संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात पडून राहते. दुसऱ्या नमुन्याचे वजन विचारताच संगणक तेच जुने उत्तर वाचतो. त्यानंतरची प्रत्येक नोंद एका नमुन्याने मागे पडते आणि पडद्यावर कोणताही दोष दिसत नाही. सदोष नमुन्यापुढे निर्दोष नमुन्याचे वजन लिहिले जाऊ शकते. म्हणून दोष आल्यावर आधी साठा रिकामा करावा, तो नमुना पुन्हा तोलावा आणि मगच पुढे जावे. यंत्राचे मौन उपद्रवी खरे. पण चुकीच्या जागी नोंदलेले उत्तर अधिक घातक असते.

शब्दार्थ
समाप्तिचिन्ह – आज्ञा संपल्याची खूण
सदोष – दोष असलेला
मौन – न बोलणे

पाठगत प्रश्न
१. कालमर्यादा वाढवणे केव्हा योग्य ठरते?
२. एका वेळी एकच बदल का करावा?
३. नोंदी एका नमुन्याने मागे कशा पडतात, ते आपल्या शब्दांत लिहा.