काढलेला तुकडा तपासायला गेला का?

सर्दीत नाक चोंदतं तेव्हा बहुधा दोन्ही बाजूंनी चोंदतं, कधी ही नाकपुडी तर कधी ती. माझी मात्र कायम उजवीच बंद असायची, पावसाळा असो की मे महिना. धुळीची ॲलर्जी, सायनस असं म्हणत फवारे आणि गोळ्या चालू राहिल्या. शेवटी एका रुग्णालयात 'नाकात मांस वाढलंय' असं निदान झालं आणि ते काढलं. सकाळी दाखल, दुसऱ्या दिवशी घरी. श्वास मोकळा झाला, घरचे निर्धास्त झाले. काढलेलं ते मांस तपासणीला पाठवलंच नव्हतं, हे आम्हाला कळलं फार उशिरा.

वर्ष उलटायच्या आत तीच नाकपुडी पुन्हा बंद झाली. या वेळी नाक शिंकरलं की रुमालावर रक्ताची बारीक रेघ उमटायची. दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी दुर्बीण आत घालून पाहिलं आणि विचारलं, "मागच्या वेळचा बायोप्सीचा रिपोर्ट आणलाय?" बायकोने फाईल दोनदा उलटीपालटी केली. डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेखही नव्हता.

ॲलर्जीने होणारी मांसवाढ बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असते. एकाच बाजूची असेल तर ती गाठ नाही ना, हे पाहायलाच हवं. त्याच बाजूने रक्त येणं, डोळ्यातून सतत पाणी गळणं, वास जाणं, गाल बधिर होणं, एकाचे दोन दिसणं ही लक्षणं सोबत असतील तर एक दिवसही थांबू नये. लाकडाचा भुसा किंवा चामड्याची धूळ वर्षानुवर्षं नाकात जाणाऱ्या कारागिरांना नाकाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. सुतारकाम करणारं कुणी घरात असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

माझी गाठ निघाली इन्व्हर्टेड पॅपिलोमा. ही कर्करोगाची गाठ नव्हे, पण बेभरवशाची. शंभरातल्या पाच ते दहा जणांत तिच्यात कर्करोग सापडतो, आणि मूळ जिथे रुजलंय ती जागा साफ केली नाही तर ती बहुतेक वेळा परत येते. पहिल्या ऑपरेशनात नेमकं तेच राहून गेलं होतं. डॉक्टरांनी सीटी स्कॅन पडद्यावर लावून एक जागा दाखवली. तिथे हाड आजूबाजूपेक्षा जाड, पांढरंशुभ्र दिसत होतं. "मूळ इथे असणार," ते म्हणाले. ती जागा नाकाच्या छतात होती, आणि त्या छताच्या वर लगेच मेंदूचं आवरण. काही ठिकाणी हे हाड एक मिलिमीटरही जाड नसतं. एमआरआय कशाला, असं मला वाटलं होतं. पण गाठ किती आणि तिच्यामागे तुंबलेला शेंबूड किती, हे त्यातच नीट कळतं.

तपासणीसाठी तुकडा घेण्याचीही घाई नको, स्कॅन आधी हवा. वयात येणाऱ्या मुलांच्या नाकात रक्तवाहिन्यांनी भरलेली एक गाठ होते. बाह्यरुग्ण विभागात तिचा तुकडा काढायला गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. मुलाच्या एकाच नाकपुडीतून वारंवार घोळणा फुटत असेल तर उष्णता समजून कांदा हुंगवत बसू नका.

पूर्वी अशा गाठींसाठी नाकाच्या कडेने चेहऱ्यावर चीर द्यावी लागे. आता बऱ्याच जणांचं काम चार मिलिमीटरच्या दुर्बिणीतून होतं. माझ्या मुळाखालचं हाड ड्रिलने घासताना मेंदूभोवतीचं पाणी थोडं झिरपलं. याची शक्यता आधीच सांगितलेली होती आणि तयारीही होती. नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर रक्तवाहिनीसकट सोडवून त्या भोकावर बसवलं. अर्जेंटिनाच्या हदाद आणि बासागास्तेगी या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत 2006 साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे पाणी गळत राहण्याचं प्रमाण खूप उतरलं. तेव्हा सर्जनना स्पष्ट विचारा: मूळ कुठे आहे, छत उघडं पडलं तर कशाने बुजवणार, आणि गरज लागलीच तर न्यूरोसर्जन हाताशी असतील का? चांगले डॉक्टर या प्रश्नांना रागावत नाहीत.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. वाकायचं नाही, पाण्याची बादली उचलायची नाही, शौचाला कुंथायचं नाही. पोट साफ राहण्याचं औषध म्हणूनच देतात, ते टाळू नका. घोरण्यावर उपाय म्हणून झोपताना दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लावणाऱ्यांनी ते ऑपरेशनआधीच सांगावं, कारण त्या दाबाने हवा मेंदूकडे शिरू शकते. नाकात महिनोन्‌महिने खपल्या धरतात. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि उकळून गार केलेल्या पाण्यानेच.

पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ थेंब थेंब गळलं, घशात खारट लागलं, तर ती सर्दी समजू नका. तो थेंब स्वच्छ बाटलीत धरा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बीटा-2 ट्रान्सफेरिन नावाच्या तपासणीने ते मेंदूचं पाणी आहे का ते कळतं. ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणं हे दिसलं तर रात्र असली तरी निघा, कारण तो मेंदूज्वर असू शकतो.

ही गाठ काही जणांत पाच वर्षांनंतरही परत येते. नाक मोकळं आहे म्हणून दुर्बिणीची तपासणी चुकवू नका, आणि बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, स्कॅनची सीडी या तिन्ही गोष्टी मागून घेऊन घरात एकाच फाईलमध्ये ठेवा.