‘नुसती वॉर्निंगच तर आहे, मॅडम!’

प्रोग्रॅमला सुरुवातच नसेल तर कंपायलर ओरडेल, अशी पुष्कळांची समजूत असते. सीच्या कंपायलरला त्याचं सोयरसुतक नसतं. तो एका वेळी एकच फाइल बघतो, आणि तिच्यात मेन फंक्शन नाही म्हणून अडून बसला तर जगात एकही लायब्ररी तयार होणार नाही. तक्रार येते ती पुढच्या टप्प्यावर, लिंकरकडून. तीही आली तर. प्रस्तुत लेखिकेचं सगळं भांडण या ‘आली तर’शी आहे.

लिनक्सवर साधा सी प्रोग्रॅम जीसीसीने बांधला की सीआरटी१.ओ ही (किंवा तिच्याच जातीची) तयार फाइल न मागता त्याला जोडली जाते. खरी सुरुवात तिच्यातल्या _स्टार्टपासून होते आणि मेनला पुढे तेच बोलावतं. म्हणून मेन लिहायचं राहिलं की लिंकर सांगतो, _स्टार्टमध्ये मेनचा उल्लेख आहे, पण मेन सापडत नाही. एरर. काम बंद. इथवर सगळं ठीक.

ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या बोर्डावर मात्र सीआरटी१.ओ नसते. तिथे _स्टार्ट बहुधा स्वतःच लिहावं लागतं. ते सापडलं नाही तर जीएनयूचा लिंकर एरर देत नाही, वॉर्निंग देतो: ‘एंट्री सिम्बल सापडत नाही, अमुक पत्ता धरतो.’ हा अमुक पत्ता म्हणजे टेक्स्ट सेक्शनचा पहिला बाइट, म्हणजे तिथे योगायोगाने जे फंक्शन येऊन पडलं असेल ते. फाइल तयार होते, एक्झिट कोड शून्य येतो आणि बिल्ड सर्व्हरवर हिरवी खूण उमटते.

लेखिकेच्या टीमकडे शीतपेटीचं तापमान बघणाऱ्या उपकरणाचं काम होतं. बोर्ड आणि त्याचा स्टार्टअप कोड बाहेरच्या व्हेंडरचा, वरचा सगळा प्रोग्रॅम टीमचा. बोर्डावरचा लोडर एल्फ फाइलच्या हेडरमधला एंट्रीचा पत्ता वाचून थेट तिथे उडी मारायचा. व्हेंडरचा कोड पहिल्यांदा बांधला तेव्हापासूनच ती वॉर्निंग येत होती. लेखिकेने मेलवर विचारलंही होतं. उत्तर आलं, ‘नुसती वॉर्निंगच तर आहे, मॅडम. बोर्ड चालतोय ना?’

चालत होता खरा. मेकफाइल ऑब्जेक्ट फाइली एबीसीडीच्या क्रमाने लावत होती आणि स्टार्टअप कोडची बूट.ओ पहिली येत होती. त्यामुळे लिंकरचा अंदाज दर वेळी बरोबर निघायचा. मग टीमने धोक्याच्या इशाऱ्यासाठी नवी फाइल घातली, अलार्म.सी. ‘बी’च्या आधी ‘ए’. हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही, यायचं कारणही नव्हतं.

नवा बिल्ड बोर्डावर टाकला. स्क्रीन काळीच राहिली आणि बझर कोकलायला लागला. व्हेंडरच्या सीनियर इंजिनिअरने मेलमध्ये दोन्हीकडच्या साहेबांना घेतलं: ‘आमचा कोड तपासलेला आहे. तुमची नवी फाइल काढून बघा.’ काढली, तर बोर्ड सुरळीत सुरू झाला. संपलं! बैठकीत सगळ्यांच्या माना लेखिकेकडे वळल्या. त्या गृहस्थांनी खुर्चीत मागे रेलून ‘मेमरी करप्ट करत असाल कुठेतरी’ असं निदानही केलं. अलार्म.सी उघडून बघायची तसदी मात्र त्यांनी घेतली नव्हती.

उलगडा झाला तो बझरमुळेच. त्या प्रोग्रॅममध्ये घड्याळ, सेन्सर आणि स्क्रीन सुरू झाल्यावर, तापमान वाचून ते मर्यादेबाहेर गेलं तरच बझर वाजणार होता. स्क्रीनच सुरू झाली नाही तर वाजवला कुणी? बाकी सगळं टाळून कुणीतरी थेट त्या फंक्शनमध्ये शिरलं होतं. लेखिकेने रीडएल्फ -एच चालवून एंट्रीचा पत्ता घेतला आणि तोच पत्ता एनएमच्या यादीत शोधला. समोर नाव होतं बझर चालू करणाऱ्या फंक्शनचं. यादीत _स्टार्टही होतं, पण त्याच्यापुढे मोठ्या टीऐवजी छोटा टी. म्हणजे सिम्बल लोकल, त्या एका फाइलीबाहेर अदृश्य. व्हेंडरच्या असेम्ब्लीत .ग्लोबल ही एक ओळ राहून गेली होती.

ती ओळ पुढच्या आवृत्तीत आली, ‘किरकोळ सुधारणा’ या मथळ्याखाली. दोन्ही साहेबांना घेऊन पाठवलेला तसला दुसरा मेल आला नाही. बैठकीचा वेळ मात्र बिलात ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणून लागला.

ज्यांच्यावर अशी पाळी येऊ शकते त्यांनी लिंकरला --फेटल-वॉर्निंग्ज हा पर्याय आजच द्यावा. मग हीच वॉर्निंग बिल्ड पाडते. लिंकर स्क्रिप्टमध्ये ‘_स्टार्ट डिफाइन्ड आहे’ असा असर्ट टाकला तर आणखी चांगलं, कारण मेकफाइलमधला पर्याय कुणीही गुपचूप काढू शकतो. फाइलींच्या क्रमावर विसंबायचंच नाही. जीएनयू मेकचं वाइल्डकार्ड ३.८२पासून ४.२पर्यंत यादी क्रमाने लावत नव्हतं, ४.३पासून पुन्हा लावायला लागलं. त्यामुळे तोच कोड एका मशीनवर चालेल आणि शेजारच्या मशीनवर मरेल.

स्टार्टअप फाइल सी++मध्ये नेली असेल तर एनएम बघाच. मेनला तिथे खास वागणूक आहे, _स्टार्टला नाही. एक्स्टर्न सी लिहिलं नाही तर त्याचं _झेड६_स्टार्टव्ही होतं आणि लिंकर पुन्हा अंदाजावर येतो. कॉर्टेक्स-एमचा प्रोसेसर तर हेडरमधली एंट्री बघतच नाही. तो व्हेक्टर टेबलचा पहिला शब्द स्टॅकसाठी आणि दुसरा रीसेटचा पत्ता म्हणून उचलतो. तिथे --जीसी-सेक्शन्स वापरत असाल तर टेबलाभोवती कीप आहे की नाही ते तपासा. नाहीतर कुणी त्याचा उल्लेख करत नाही म्हणून लिंकर टेबलच उडवून देऊ शकतो.

आणि मेन सापडलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. लिंकर नाव जुळवतो, ते फंक्शन आहे का हे विचारत नाही. १९८४ साली, दुर्बोध सी कोडच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, मुलेंडर आणि व्हॅन रेनेस यांनी मेन नावाचा नुसता आकड्यांचा अ‍ॅरे लिहून बक्षीस मिळवलं होतं. त्या आकड्यांत पीडीपी-११ आणि व्हॅक्सचा मशीन कोड होता. आज तसं केलं तर जीसीसी फार तर कुरकुरतो, पण फाइल बांधून देतो. चालवताना मात्र ती बहुधा कोसळते, कारण डेटाच्या जागेतून कोड चालवायला आता परवानगी नसते.

रस्ट त्या मानाने सरळ. चालवायच्या प्रोग्रॅमला मेन नसेल तर तो ई०६०१ ही एरर देऊन कंपायलरमध्येच थांबवतो. जावाचा कंपायलर मात्र गप्प राहतो आणि तक्रार चालवताना येते.

राहिला व्हेंडरचा प्रश्न. बिल्डचा पूर्ण लॉग वॉर्निंग्जसकट मागून घ्या, आणि ‘नुसती वॉर्निंग’ असं कुणी म्हणालं तर ते फोनवर ऐकून सोडू नका, लेखी घ्या. लेखिकेकडे तो जुना मेल होता, म्हणून ‘तांत्रिक साहाय्या’ची ती रक्कम पुढे बिलातून वजा झाली.