काच घासण्याआधी मुलांना शनी दाखवा

कॅनडातल्या ब्रॅम्पटनमध्ये दुर्बीण घरी बनवली की स्वस्तात पडते, असं इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी सांगितलं, तर त्या भरवशावर आरशासाठी काच मागवू नका. मी सहा इंची आरसा स्वतः घासला आहे, तो आजही वापरते, आणि तरीही हे सांगते आहे.

हा समज आपण महाराष्ट्रातून सोबत आणला आहे, आणि तिथे तो खराही होता. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा महाराष्ट्रात गावोगाव आकाशाची ओढ लागली. पण परदेशी दुर्बीण मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात नव्हती. मग लोकांनी काच घासायला घेतली. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने आरसे घासण्याच्या कार्यशाळा घेतल्या आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांनी, शिक्षकांनी आपापल्या हाताने दुर्बिणी उभ्या केल्या. मला ही विद्या अशाच एका जाणत्या माणसाकडून मिळाली. त्या पिढीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. दुसरा मार्ग नसताना त्यांनी स्वतःच्या हातांनी मार्ग काढला.

इथे दुसरा मार्ग आहे. कारखान्यात बनलेली सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या पेटीवर बसवलेली दुर्बीण इथे सहज मिळते, जुनी तर आणखी कमी पैशांत. घरी बनवायची म्हटलं की काचेच्या दोन तबकड्या, घासण्यासाठी कार्बोरंडम पुडीच्या जाड-बारीक पाच-सहा प्रती, पॉलिशसाठी पिच (डांबरासारखा पदार्थ) आणि सिरियम ऑक्साइड, दुय्यम आरसा, तो धरणारी पट्टी, फोकसर, आयपीस असं एकेक मागवावं लागतं. बरंचसं सीमेपलीकडून येतं आणि प्रत्येक पार्सलवर टपालखर्च, कधी कस्टम. शेवटी आरशावर ॲल्युमिनियमचा मुलामा निर्वात पेटीतच चढवावा लागतो. ते काम घरी होत नाही. सगळ्या पावत्यांची बेरीज केली की तयार दुर्बिणीपेक्षा आकडा वर जातो. माझा गेला.

घासणं म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, कारण अनेकांना ते यंत्राचं काम वाटतं. एक तबकडी खाली पक्की बसवायची, तिच्यावर ओली कार्बोरंडम पूड पसरायची आणि दुसरी तबकडी वर ठेवून पुढे-मागे सरकवत टेबलाभोवती फिरत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. सहा इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाची मधली खोली जेमतेम १.२ मिलिमीटर असते, आणि तेवढी खोली काही बैठकांत येतेही. खरा वेळ जातो पुढे. पूड जाडीकडून बारीक करत न्यायची, आणि प्रत्येक प्रत बदलताना टेबल, हात, बादली सगळं धुऊन काढायचं. जाड पुडीचा एक कण बारीक पुडीत राहिला आणि माझ्या आरशावर लांब ओरखडा उठला; दोन प्रती मागे जाऊन पुन्हा घासावं लागलं. या धुण्याचा गाळ सिंकमध्ये ओतू नका. तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत तळाशी बसू द्या आणि कचऱ्यात टाका. पूड कोरडी उडू देऊ नका, आणि पिच वितळवताना स्टोव्हपाशी उभे राहा, ते पेट घेतं.

पिच आणि सिरियम ऑक्साइडने पॉलिश झाल्यावर तपासणी. १८५८च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑन फूकोने शोधलेली पद्धत आजही तीच: बारीक प्रकाशबिंदू, दाढीचं पातं आणि आपला डोळा. आरशाचा पृष्ठभाग साधारण ७० नॅनोमीटरपर्यंत अचूक हवा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका. पात्याच्या कडेने पाहताना करड्या छायेत आरशाचे उंचसखल भाग डोंगर-दऱ्यांसारखे दिसतात. अंगठा काचेवर थोडा वेळ टेकवा आणि पुन्हा पाहा: बोटाच्या उबेने काच फुगून तिथे स्पष्ट टेकाड आलेलं असतं, आणि बघता बघता विरतं. हे पाहिलं तेव्हा मी थरारून गेले होते. बेसमेंटमध्ये काम करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, फर्नेस सुरू झाली की हवा हलते आणि छाया थरथरते. ती बंद झाल्यावरच मोजमाप घ्या.

आता मूळ मुद्दा. माझ्या मुलाने शरद ऋतूत विचारलं होतं, शनीची कडी खरंच दिसतात का? आम्ही दोघांनी घासायला सुरुवात केली. सुरुवातीला तो हौसेने फिरला, मग एकेक बैठक चुकवू लागला. आरसा मुलामा घेऊन परत आला तोवर शनी सूर्यामागे गेला होता. मुलाला आकाश पाहायचं होतं, काच नव्हे. मुलाचं कुतूहल आज जागं असेल तर त्याला याच आठवड्यात काहीतरी दिसलं पाहिजे.

मात्र ‘विकत घ्या’ म्हणजे दुकानातला रंगीत खोका उचला असं नाही. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं असतं. ७०० मिलिमीटरची नळी, ४ मिलिमीटरचं आयपीस, त्यावर तिप्पट करणारं बार्लो भिंग, गुणाकार बरोबर येतो. पण दुर्बिणीच्या मुख्य भिंगाच्या दर मिलिमीटर व्यासामागे दोनपटच वर्धन कामाचं. ७० मिलिमीटरच्या भिंगाला १४०. पुढे नुसता अंधुक, थरथरता डाग दिसतो. शनीची कडी चाळीस-पन्नास पटींत दिसतात. म्हणून वर्धन नव्हे, व्यास विचारा, आणि तिवई हलवून पाहा. नळीला टिचकी मारल्यावर चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झालं नाही तर ती दुर्बीण घेऊ नका. त्या खोक्यांतली डोळ्याकडे लावायची सूर्य-गाळणी फेकून द्या. ती उष्णतेने तडकते आणि डोळा जातो. सूर्यासाठी नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारी प्रमाणित गाळणीच वापरा.

डॉब्सोनियनचं मला कौतुक आहे ते तिच्या जनकामुळेही. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून ते प्लायवूडच्या साध्या पेटीवर दुर्बिणी बसवत आणि १९६८ पासून पदपथावर येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत. तुमच्या हातांना काम हवंच असेल तर आरसा विकत घ्या आणि पेटी स्वतः करा. प्लायवूड, टेफ्लॉनचे तुकडे आणि एक निवांत उन्हाळा पुरतो. काच घासण्याची ओढ वेगळीच. ती ज्याला असेल त्याने पैशांचा हिशेब न मांडता घासावी, पण आकाश दाखवणारी एक दुर्बीण घरात आल्यानंतर.

इथलं आकाशही ओळखून घ्या. पुण्यात ज्येष्ठा तारा ४५ अंशांपर्यंत चढतो, ब्रॅम्पटनहून विसाच्या आतच राहतो. अगस्त्य तर उगवतच नाही. दक्षिणेला मिसिसॉगाचा आणि आग्नेयेला पिअरसन विमानतळाचा उजेड. मोठा आरसा हा उजेड कमी करत नाही. चंद्र, गुरू, शनी, जोडतारे मागच्या अंगणातून छान दिसतात. तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी उत्तरेला मस्कोकातल्या टोरन्स बॅरन्सला जा, तिथे १९९९ पासून काळोख राखून ठेवला आहे. हिवाळ्यात पाहण्याआधी दुर्बीण तासभर बाहेर ठेवा. एकवीस अंशांच्या घरातून उणे पंधरात नेलेला आरसा निवेपर्यंत गुरू उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा दिसतो.

खरेदीआधी एक काम नक्की करा. टोरोंटोत १८६८ साली सुरू झालेल्या, आजच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ कॅनडाची केंद्रं टोरोंटो आणि मिसिसॉगा दोन्हीकडे आहेत. त्यांच्या एखाद्या निरीक्षणाच्या रात्री मुलांना घेऊन जा. वेगवेगळ्या दुर्बिणींतून तोच ग्रह पाहा, आठ इंची दुर्बीण उचलता येते का, गाडीच्या मागच्या सीटवर मावते का ते विचारा. मालक आनंदाने सांगतात. मग पैसे काढा.